चौथ्या मजल्यावरचा एल्बो

घरात पाणी कुठून येतं असं विचारलं तर लोक नळाकडे बोट दाखवतात. नळ म्हणजे शेवट झाला. त्याच्या आधी गच्चीवरची टाकी, टाकीतून खाली उतरणारी जाड लाइन, मजल्या-मजल्यावर तिला फुटलेल्या फांद्या आणि भिंतीत गाडलेले पाइप असतात. टाइल बसली की ते पाइप परत कुणाला दिसत नाहीत. पाणी जायची वाट वेगळी. तिला उतार लागतो, आणि मोरीखाली एक वाकडा तुकडा लागतो ज्यात थोडं पाणी कायम साचून राहतं, नाहीतर गटाराचा वास थेट स्वयंपाकघरात. एवढंच आहे हे शास्त्र, बाकी सगळं सांध्यांवर. पाइप सहसा फुटत नाही, सांधा फुटतो. हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय, आणि शंभरदा त्यांनी मला विचारलंय की मग पाइप कुठल्या कंपनीचा टाकणार.

मला हे काम मामांनी शिकवलं. सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावातून ते आधी सुरतला आले, उधन्याच्या एका कापड मिलमध्ये पाइप फिटर म्हणून लागले, आणि मी दहावीत दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा मलाही घेऊन आले. मिलमध्ये सगळं लोखंडी. पाइप शिकंज्यात धरायचा, डाय फिरवून आटे पाडायचे, आट्यांवर सूत गुंडाळायचं, सुतावर सफेद्याचा पांढरा लेप फासायचा आणि पान्याने आवळायचं. किती आवळायचं? पाना बस म्हणेपर्यंत, आणि वर अजून एक फेरा. हा वरचा फेरा मामांचा. तो मारताना ते दात-ओठ खायचे, आणि त्यांचा सांधा मी कधी गळताना पाहिला नाही.

आमच्यात भाचा देवासमान. मामाच भाच्याच्या पाया पडतो. त्यामुळे माझं काम चुकलं की मामांची पंचाईत व्हायची. भाच्याला शिवी देता येत नाही, म्हणून ते पाइपला द्यायचे, पान्याला द्यायचे, कधी मिलच्या बॉयलरलाही द्यायचे. मी खाली मान घालून ऐकायचो. त्या सगळ्या माझ्याच असायच्या हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

पुढे मिल बंद पडली. मी बिल्डिंगांची कामं धरली, हळूहळू स्वतःची माणसं जमवली, आणि मामा माझ्या हाताखाली आले. यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, निदान मला तरी तसं वाटलं नाही. पण तोवर लोखंड गेलं होतं. आता थंड पाण्याला एक प्लास्टिक, गरम पाण्याला दुसरं, पिवळट रंगाचं. पाइप कापायचा, आतून-बाहेरून साफ करायचा, सोल्युशन लावायचं, फिटिंगमध्ये घालून थोडासा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. संपलं. ना आटे, ना सूत. फक्त जिथे नळ किंवा शॉवर बसतो तिथे पितळी आट्यांचा एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड येतो, बाहेरून प्लास्टिक, आतून पितळ. त्याला टेप गुंडाळायची आणि हाताने आवळायचं, फार तर पान्याने एक फेरा. जास्त जोर दिला की प्लास्टिकला चीर जाते. लबाडी अशी की चीर लगेच दिसत नाही. प्रेशर टेस्टला सांधा ठणठणीत असतो आणि दोन-तीन महिन्यांनी रडायला लागतो.

मामांचे हात लोखंडाचे. कामरेजकडच्या एका टॉवरवर आम्ही काम घेतलं तेव्हा पहिल्याच मजल्यावर त्यांचे दोन एल्बो गेले. एकाला तर त्यांनी सूत आणि सफेदाच लावला होता, सफेदा प्लास्टिकला खातो हे सांगूनसुद्धा. साइटचा सुपरवायझर गुजराती, बोलायला गोड, विसरायला कच्चा नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका अच्छे आदमी हैं. लेकिन एक और लीकेज निकला तो काका साइट पे नहीं दिखने चाहिए."

मी ते मामांना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ हाताचं सोल्युशन नखाने खरवडत बसले. मग म्हणाले, "घर बसनू तं मरी जासू." घरी बसलो तर मरेन. त्यांना कोणी उपाशी ठेवणार नव्हतं, मामी होती, मी होतो. त्यांचं म्हणणं भाकरीबद्दल नव्हतंच. त्या दिवसापासून त्यांनी पितळी एल्बोला पाना लावणं सोडलं. हाताने आवळायचे आणि मला हाक मारून दाखवायचे. साठीचा माणूस, ज्याने मला आटे पाडायला शिकवले, तो मला विचारायचा, बघ बरं, एवढं पुरे का? मला ते आवडायचं नाही. पण चांगलं चाललं होतं.

श्रावण लागला असेल. टाकी भरून सगळ्या लाइनी चालू केल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर गिऱ्हाइकांना दाखवायचा सजवलेला फ्लॅट होता, आणि नेमक्या त्याच्याच बाथरूमचं छत एका सकाळी ओलं झालं. पीओपीचा पोपडा खाली पडला. म्हणजे चौथ्या मजल्यावरचा सांधा. सुपरवायझरने माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे.

माझं डोकं फिरलं. माझा स्वभावच तसा, आधी तोंड सुटतं. मी मामांना सगळ्या माणसांसमोर बोललो. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा अरे-तुरे केलं. "तुला किती वेळा सांगितलं, हे मिलचं लोखंड नाही. तुझ्या हाताला कळतच नाही का? माझं नाक कापायचं ठरवलंयस का?" असं बरंच काही. मामा माझ्याकडे बघत होते. मधे एकदा त्यांनी तोंड उघडलं, सुपरवायझरकडे नजर टाकली आणि मिटलं. मग आपली हत्यारं पिशवीत भरली, हातपाय धुतले आणि निघाले. त्यांनी पाइपलासुद्धा शिवी दिली नाही. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं.

टाइल फोडायच्या आधी आत पाइप कुठून गेलाय ते बघावं लागतं. त्यासाठी आम्ही एक करतो, प्लास्टर होण्याआधी प्रत्येक बाथरूमच्या भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. शेजारी मापाची टेप धरायची, म्हणजे अंतर कळतं. मी चौथ्या मजल्याचे फोटो शोधत मागे गेलो. सापडला. भिंत, दोन पाइप, शॉवरचा एल्बो, आणि टेप धरलेला हात. हात माझा होता, मनगटावर माझंच घड्याळ. हे काही विशेष नाही, फोटो मीच काढतो. पण बोटाने सरकवलं तर पुढचाच फोटो पुरणपोळी आणि आमरसाच्या ताटाचा. मामांनी गावाहून पाठवलेला, त्याच दुपारी. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

आखाजीला आमची माणसं गावी जातात, सुरतमध्ये राहत नाहीत. त्या वर्षीही मामा आठ दिवस गावी होते. बिल्डर घाई करत होता म्हणून मी थांबलो, आणि चौथा मजला मी एकट्याने केला. अख्खा मजला. प्रत्येक एल्बो मी आवळला होता. मला ते आठवलं नाही असं म्हणणं बरोबर नाही. मी आठवूनच पाहिलं नव्हतं. गळालं म्हणजे मामा, एवढं डोक्यात पक्कं बसलं होतं.

टाइल फोडली. एल्बोला उभी चीर. त्यावर टेप होती, माझ्या पद्धतीची, पाच वेढे, आणि त्यात आवळलेल्या पितळी तुकड्यावर पान्याचे दात उमटले होते. एक फेरा पुरे असताना मी वरचा फेराही मारला होता. दुसऱ्यांना शिकवत होतो आणि माझा स्वतःचा हात मिलमध्येच होता.

एल्बो बदलला, लाइन भरून पाहिली, छताला परत पीओपी केलं. सुपरवायझर बघायला आला. पुढच्या टॉवरचं काम कुणाला द्यायचं ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. फुटका एल्बो माझ्या हातात होता. त्याने विचारलं, "काका का ही था ना?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली. अर्ध्या सेकंदाचं काम. माझ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात इतकं हलकट काम मी दुसरं केलेलं नाही.

रविवारी कोसाडला मामांच्या घरी गेलो. मामी मोरीवर भांडी घासत होती. मामा खाटेवर बसून होते, दाढी वाढलेली. मी सरळ सांगितलं, एल्बो माझा होता, आखाजीचा. ते म्हणाले, "मले ठाऊक व्हतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, सुपरवायझर समोर उभा होता. मिस्तरी गेला तर मिस्तरी जातो, ठेकेदाराचाच हात वाईट निघाला तर सगळ्यांचं काम जातं. आणि भाच्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं.

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय वर घेतले. मामीने चहा आणला. थोड्या वेळाने मामांनी विचारलं, "सायबले सांगं का?" साहेबाला सांगितलंस का?

मी म्हणालो, हो, सांगितलं.

का म्हणालो? त्यांचा चेहरा बघवत नव्हता म्हणून. सोमवारी सांगूच, एका दिवसाने काय बिघडतं, असंही मनात आलं. मामा खाटेवरून उठले आणि मामीला म्हणाले, दाढीचं सामान काढ.

सोमवारी मी साइटवर पोचलो तेव्हा सुपरवायझर गेटवरच होता. मी बाईक लावतो न लावतो तोच शेअर रिक्षातून मामा उतरले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी. आठ दिवस सुटी काढून आलेल्या माणसासारखे सुपरवायझरकडे बघून हसले.

तो म्हणाला, "काका, आपको मना किया था ना. फिर कैसे आ गये?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाइपांच्या गठ्ठ्याकडे बघत होतो. तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. वाक्य तयार होतं, वाटेत बाईकवर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. ते निघालं नाही.

"मेरा डब्बा रह गया था, साहेब," मामा म्हणाले. "वही लेने आया."

त्यांचा डबा राहिला नव्हता. त्या दिवशी सगळं घेऊन गेले होते. सुपरवायझर मला म्हणाला, "दे दो भाई काका का डब्बा." मी बाईकला अडकवलेला माझा डबा काढला आणि मामांच्या हातात दिला. आत बायकोने पहाटे उठून केलेली कळण्याची भाकरी आणि वांग्याची भाजी होती. डबा भरलेला आहे हे वजनावरून त्यांना कळलंच. ते जवळ आले आणि आमच्या बोलीत हळूच म्हणाले, "सांजले रिकामा धाडी देसू." आणि परत रिक्षा पकडायला हायवेच्या बाजूला चालू लागले.

संध्याकाळी डबा घरी आला, धुऊन पुसून. बायकोने विचारलं, मामांकडे कसा गेला? मी म्हणालो, भेटले होते.

पुढच्या टॉवरचं काम मला मिळालं. सुपरवायझर तोच आहे. मधे एकदा चहा पिताना त्याने विचारलं, काका कैसे हैं? मी म्हणालो, ठीक हैं.