आबांची झोप

आमच्या इमारतीला एक पुढची बाजू आहे आणि एक मागची. पुढे मोठे फ्लॅट, त्यांना रस्ता दिसतो. मागे आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, आम्हाला भिंत दिसते. लिफ्ट एकच, पाण्याची टाकी एकच, मेंटेनन्सची पावती एकाच रंगाची. गच्चीही एकच, फक्त तिच्या कुलपाची किल्ली पुढच्यांकडे असते. फ्लॅट घेताना बिल्डरने "गच्ची सगळ्यांची" असं तोंड भरून सांगितलं होतं. सगळे म्हणजे कोण, हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

मला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. शाळेतून आल्यावर पाणी भरायचं, भाजी चिरायची, वह्या तपासायच्या, यात गच्ची कुणाला हवी होती? उन्हाळ्यात संध्याकाळी पुढच्यांच्या गाद्या-उशांची वरात लिफ्टमधून वर निघायची. मी मनातल्या मनात चरफडत जिने चढायचे आणि घरात शिरले की विसरून जायचे. मग आई गेली आणि मी आबांना, माझ्या वडिलांना, इथे घेऊन आले.

आमचं गाव वळसंगच्या पुढे. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. वर्षातले कितीतरी महिने ते रानात असायचे. ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची, तिथेच अंग टाकायचं. घरी आले तरी अंगणात झोपायचे, पावसात तेवढे आत यायचे. डोक्यावर छप्पर आलं की त्यांचा डोळा लागत नसे. आता मेंढरं विकली होती, गुडघे धरले होते, घरात पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. मला भाऊ नाही. "आता इथंच राहायचं," असं मी बजावलं आणि ते "व्हय व्हय" म्हणाले.

पण सोलापूरचा उन्हाळा तो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत आग ओकत राहतो, पंखा तीच गरम हवा फिरवतो. गॅलरीत वॉशिंग मशीन, तिथे पाय पसरत नाहीत. आबा भिंतीला टेकून बसलेले असायचे. सकाळी डोळे लाल. हळूहळू जेवण तुटलं, ताटातली भाकरी तशीच राहायला लागली. महिनाभराने ते म्हणाले, "आक्का, मी गावाकडं जातो की. हितं जीव गुदमरतोय." मला ते आक्का म्हणत.

"चार दिवस थांबा, आबा. मी गच्चीचं बघते," मी म्हणाले.

आमचे चेअरमन फार गोड माणूस. नाही म्हणतानाही आधी खुर्ची पुढे करतात. एका म्हाताऱ्या माणसाचं कोपऱ्यातलं अंथरूण, कुणाला काय त्रास होणार, असं मी परोपरीने सांगितलं. शेवटी "एक दिवस बघू" म्हणून त्यांनी किल्ली दिली. आबा खांद्यावर घोंगडी टाकून वर गेले. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी ती. सूत आईने कातलेलं. सकाळी खाली आले ते थेट चुलीशी, म्हणजे माझ्या गॅसपाशी, येऊन बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या. "वर लई वारं हाय," म्हणाले. "मेल्यावानी झोपलो." त्या दिवशी मी शाळेत कुणावर ओरडले नाही.

संध्याकाळी चेअरमनांचा फोन आला. मी कणीक मळत होते म्हणून स्पीकरवर घेतला. पुढच्या बाजूच्या एका बाईंची तक्रार होती. त्यांची मुलं गच्चीवर झोपतात, आणि आबांच्या घोंगडीला मेंढ्यांचा वास येतो, तेव्हा किल्ली परत पाठवा. आबा दाराशी बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून धोतराला पुसला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर न्हाणीत टब भरलेला. पाणी रोज येत नाही, पण ते जाऊ दे. टबात घोंगडी होती आणि आबा दुखरे गुडघे मोडून तिला कपड्यांच्या पावडरीने चोळत होते. घोंगडी साबणात कुणी घालत नाही. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, तिच्यामुळे ती ताठ राहते. साबणाने खळ जाते, लोकर आखडते. हे मला ठाऊक होतं, मग त्यांना नसेल?

"आबा, अहो हे काय करताय?"

"वास जाईल की," ते खाली बघतच म्हणाले. "मग देत्याल किल्ली."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

घोंगडी वाळली तेव्हा आखडून पोराच्या अंथरुणाएवढी झाली होती. आबांनी तिची नीट घडी करून माझ्या हातात दिली. "घे. त्यास्नी हुंगून बघा म्हनावं."

लाज सोडून मी ती घेऊन गेले. चेअरमनांनी खुर्ची पुढे केली. घोंगडीला हात लावला नाही. "मॅडम, प्रश्न वासाचा नाहीच. तुम्हाला किल्ली दिली की मागचे सगळे मागतील."

"मग मागू देत ना!" मी म्हणाले. "मागचे काय फुकट राहतात इथे?" आणखी बरंच बोलले, आवाज चढवून बोलले. त्यांनी चहा घेणार का विचारलं. घरी येताना आबांना काय सांगावं ते मला सुचत नव्हतं. त्यांनी विचारलंच नाही. पिशवी भरून ठेवली होती.

स्टँडवर एसटीत बसवताना माझा बांध फुटला. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "रडतीस कशाला? पावसाळ्यात येतो की. तवा कुटं बाहेर झोपता येतंय? चार म्हैनं तुझ्याकडंच ऱ्हातो." मला ते पटलं. मी वॉशिंग मशीन हलवून त्यांच्या खाटेपुरती जागा करायला लागले. फोनवर ते रोज सांगायचे, झोप लागती. गावातली शेजारीण दोन वेळचं जेवण द्यायची. मला बरं वाटायचं, आणि माझ्याविना त्यांना झोप लागते याचं वाईटही वाटायचं.

मृग लागायच्या आधीच शेजारणीचा फोन आला. आबा सकाळी अंगणात उठलेच नाहीत. झोपेत गेले, काही त्रास झाला नाही, भाग्यवान माणूस, असं जो तो मला सांगतो. असेलही. पण रात्री त्यांना तहान लागली असेल, त्यांनी आक्का म्हणून हाक मारली असेल, आणि मी तिथे नव्हते.