मामाविना जावळ

दोन हजार चार-पाचच्या सुमारास न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या अल्बनीतल्या आमच्या मराठी कंपूची एक आवडती करमणूक होती: फिजी, सामोआसारख्या बेटांवरून आलेल्या लोकांना हसणं. कुणी आय.टी.तले, कुणी इस्पितळातले, भिंतीभर पदव्या आणि उंटावरचे शहाणे सगळे. त्यात मी सगळ्यांच्या पुढे.

माझ्या वॉर्डात एक फिजियन नर्स होती. चार वर्षांच्या मुलीचा चेहरा माहेरच्या गावाला दाखवायचा म्हणून तिने दोन आठवड्यांची रजा टाकली. नवऱ्याकडची वीसेक माणसं चटया आणि देवमाशाचा दात घेऊन जाणार, रीतसर मान देणार, मगच पोरीने आईच्या गावात पाय ठेवायचा. मला टीरूममध्ये हसू आवरेना.

"एवढा खटाटोप? फोटो पाठव की!"

ती रागावली नाही. म्हणाली, "फोटोत ती एकटी दिसेल. ती एकटी कुठे आहे? अर्धी माझ्या गावाची आहे."

शनिवारी हे मी कंपूत रंगवून सांगितलं. हशा पिकला. "हीप्स ऑफ टाइम आहे बाई यांच्याकडे," कुणीतरी म्हणालं आणि गुलाबजाम पुन्हा फिरवले गेले.

माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि त्याचं जावळ काढायचं राहिलं होतं. आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात. त्याला मामा एकच, पुण्यातला माझा धाकटा भाऊ, आणि त्याचा व्हिसा रखडलेला. दर फोनला तो बजावायचा, "ताई, थांब हं माझ्यासाठी." पण उन्हाळा आला, पोराचं पोहणं सुरू झालं, केस डोळ्यांवर यायला लागले. नवरा म्हणाला, "केसच तर आहेत." मला ते शहाणपणाचं वाटलं. शहाणपण कसलं, निव्वळ आळस! मॉलमधल्या सलूनमध्ये दहा मिनिटांत उरकलं आणि चकोट डोक्याचा फोटो भावाला ईमेलने धाडला. खाली इथल्या बोलीत लिहिलं, "स्वीट ॲज!", म्हणजे एकदम झकास. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चार दिवस उत्तर नाही. शेवटी मीच फोन केला. फोटो छान आलाय, म्हणाला. मग विचारलं,

"ताई, कुणाच्या मांडीवर बसला होता गं?"

"खुर्चीवर," मी म्हटलं.

"बरं. मग आता मी तिकडे येऊन काय करू?"