गुरुवारची माफी

कोणी बोलायला आलं की सर मनगटावरचं घड्याळ काढून कुर्त्याच्या खिशात ठेवायचे. आधी घड्याळ, मग सलाम, मग "बोला". जळगावच्या आमच्या गल्लीत हा क्रम सगळ्यांच्या सवयीचा होता. नवा माणूस मात्र गोंधळायचा. घड्याळ चोरीला जाईल अशी यांना भीती वाटते की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.

सर उर्दू शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचं घराणं धुळ्याचं, मागावर कापड विणणारं. त्यामुळे वेळेविषयी बोलतानाही ते सुताच्या भाषेत बोलत. नमाजच्या पाच वेळा म्हणजे दिवसाला मारलेल्या पाच गाठी, त्या नसत्या तर दिवस उसवत गेला असता, असं ते म्हणत. आयुष्य ही ठेव आहे, ती कुठे खर्च केली हे एक दिवस विचारलं जाणार आहे, हेही त्यांचं नेहमीचं सांगणं.

आणि हाच माणूस एखाद्याच्या जावयाची तक्रार ऐकत अख्खी दुपार घालवायचा. मी वर्तमानपत्रातला माणूस. ठरलेल्या वेळेला पान गेलं नाही तर बातमी मेली, एवढंच वेळेचं मोल मला ठाऊक. सरांचं गणित मला जुळवता येत नसे.

समोरच्या पिठाच्या गिरणीतले नाना तर तोंडावर विचारायचे, "सर, घड्याळ खिसामा टाकं म्हनीसन टाइम थांबस का?"

"नाही थांबत, नाना. समोर माणूस बसलेला असताना त्याला मोजू नये, एवढंच."

"मंग मन्हं दळन मोजतस कसाले?"

गिरणीतून आणलेलं पीठ घरी पुन्हा तोलून पाहणारे सर यावर नुसते हसत.

ज्या गोष्टीवर ते हसत नसत, ती मला फार उशिरा कळली. धुळ्याला त्यांचा थोरला भाऊ होता आणि त्याच्याशी यांचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. मी कोर्टाच्या बातमीसाठी दर गुरुवारी धुळ्याला जात असे. एका गुरुवारी सर स्टँडवर आले, माझ्या शेजारच्या सीटवर बसले, घड्याळ खिशात टाकलं आणि स्वतःच बोलायला लागले.

आई गेली तेव्हा ती धुळ्याला थोरल्याकडे होती. निरोप मिळताच हे निघाले, पण पारोळ्याच्या अलीकडे बस बंद पडली. मय्यत ताटकळत ठेवू नये, हा रिवाज. भावाने दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर दफन उरकलं. हे पोहोचले तेव्हा कबरीवरची माती सारखी करून झाली होती. तिथेच, चार लोकांसमोर, सर थोरल्याला म्हणाले होते, "आईला पुरायची एवढी घाई होती तुला?"

"त्याचं बरोबर होतं," सर मला म्हणाले. "हे मला तेव्हाही माहीत होतं."

भावाशी तीन दिवसांहून जास्त अबोला धरू नये, असं ते स्वतः मुलांना शिकवत. मी त्याची आठवण करून दिली. "तीन दिवस मोजले. नंतर मोजणं सोडलं."

आता जाण्याचं कारण वेगळं होतं. पुतण्याचा फोन आला होता की अब्बा माणसं विसरायला लागलेत. सर म्हणाले होते, रमजान होऊ दे, येतो. रमजान झाला, मग लग्नसराई झाली. आता पुतण्या म्हणत होता की अब्बा त्यालाही ओळखत नाहीत.

संध्याकाळच्या परतीच्या बसमध्ये सर चमत्कारिक दिसत होते. आनंद म्हणावा तर तसं नव्हतं, दुःखही म्हणता येईना. त्यांनी भावाचे हात धरून माफी मागितली होती. भाऊ म्हणाला होता, "कर दिया माफ. चाय पी के जाना."

"पण कशाची ते त्याला ठाऊक नाही. मी कोण, तेही नाही. ही माफी झाली का?"

माणसाचा अपराध माणसानेच माफ करावा लागतो, वरचा त्यात पडत नाही, अशी त्यांची श्रद्धा. पुढे त्यांनी विचारून पाहिलं तेव्हा जळगावचे मौलाना म्हणाले, तुमची नियत साफ आहे, झाली. धुळ्याचे मौलाना म्हणाले, ज्याला आठवत नाही तो सोडणार काय? सरांनी दोन्ही मतं मला सांगितली आणि विचारलं, "तुमच्याकडे अशा दोन बाजू आल्या की काय करता?"

"दोन्ही छापतो."

"मग वाचणाऱ्याने काय करायचं?"



सरांनी स्वतःपुरता तोडगा काढला. दर गुरुवारी माझ्याबरोबर धुळ्याला यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून माफी मागायची. दर वेळी भाऊ माफ करायचा, दर वेळी चहा पाजायचा. परतताना सर म्हणायचे, "आजही कोरीच पाटी." नाना त्यांना टोमणा मारायचे की सर आता माफीचा रतीब घालतात.

गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. धुळ्याच्या भावासाठी थांबायचं का, असा प्रश्न निघाला. सरांच्या मुलाने सगळ्यांकडे पाहिलं. शेवटी कोणासाठी न थांबता असरच्या नमाजनंतर मय्यत उचलली.

पुढच्या गुरुवारी कोर्टाचं काम आटोपून मी त्या घरी गेलो. दाराशी खाटेवर म्हातारा बसला होता. सून हळूच म्हणाली की त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं मीच ठरवून आलो होतो. जळगावहून आलो, एवढंच म्हणालो.

"जलगाँव से एक आदमी आता है," म्हातारा म्हणाला. "हर बार माफी मांगता है. पता नहीं, क्या किया है बेचारे ने."

याला काहीच आठवत नाही, असं सर शेवटपर्यंत धरून चालले होते.

सुनेने चहा आणला. मी कप उचलला, तर म्हाताऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला. रस्त्याकडे पाहत म्हणाला,

"रुको. वो आ जाए, फिर पीते हैं."