आखाजीचा फुगा

देवपुरातला झुलाल दिवाळीसाठी पतंगी कागदाचे मोठाले फुगे करी. तळाशी बांबूच्या कामटीचं कडं, त्यात घासलेटात भिजवलेला चिंध्यांचा बोळा. तो पेटवला की आतली हवा तापून हलकी होई आणि फुगा पांझरा नदीवरून तरंगत जाई. या कामात त्याची मिजास मोठी. खळ बोटभर जास्त लागली तरी वजन वाढलं म्हणून कागद फाडून टाकी.

१९१९ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गल्लीत लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले. झुलालची लेक शेवंता आदल्या कार्तिकात तापाच्या साथीत गेली होती. तेव्हापासून तो जेवत होता, कामाला बसत होता, विचारलं तर उत्तरही देत होता. रडला मात्र नव्हता. बायको मंजुळाबाई त्याला दगडाच्या काळजाचा म्हणे. तिने लेकीच्या सहा काचेच्या बांगड्या पुढे ठेवल्या.

“मन्ही पोर येत नही. तिन्ह्या बांगड्या तिले धाडी दे.”

झुलालने बांगड्या एका फुग्याच्या कड्याला बांधल्या. दिवस मावळल्यावर अंगणात बोळा पेटवला. फुगा फुगला, डोलला आणि तिथेच बसून राहिला. वैशाखात बाहेरची हवाच भट्टीसारखी. आत-बाहेर फरक कमी, म्हणून उचलही कमी.

“सकायले गार हवाम्हा उडी,” झुलाल म्हणाला.

“आखाजी आज शे,” मंजुळाबाई म्हणाली.

तिनेच एकेक बांगडी सोडली. एकच उरली तेव्हा फुगा घराच्या धाब्याच्या छताच्या कडेपर्यंत चढला आणि परत खाली आला. बोळा अर्धा जळून गेला होता. झुलालने शेवटच्या बांगडीला हात घातला. मंजुळाबाई नुसती बघत राहिली. ते त्याला बघवलं नाही. त्याने बांगडी तशीच ठेवली आणि कड्याच्या आतल्या अंगाचा एक दोरा तोडला. हातात चांदीचा वाळा आला, शेवंता रांगत होती तेव्हाचा.

“हाऊ कोनी बांधा?”

“मी.”

फुगा बांगडी घेऊन धाब्यावरून नदीकडे गेला. मंजुळाबाईने तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला, मग नवऱ्याकडे वळली. ज्योतीजवळ तापलेला वाळा त्याने अजून मुठीत धरला होता. तिने त्याची बोटं उघडली. तळहातावर लाल कडं उमटलं होतं.

“दुखस का?”

झुलालने हाताकडे पाहिलं.

“हा,” तो म्हणाला, “दुखस.”