अहो, थांबा

वारज्यात आमच्या समोरच्या घरी भरदिवसा चोरी झाली आणि चौकशीला एक हवालदार आले. आमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात काही दिसतंय का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. फाटक उघडंच होतं. ते माझंच काम. त्यावरून मला रोज बोलणी बसतात.

आमचा कुत्रा अंगणात उन्हाला पसरला होता. एरवी दूधवाल्यापुढेही शेपूट हलवणारा हा प्राणी खाकी कपडे दिसताच भुंकत थेट त्यांच्या अंगावर धावला. हवालदारांनी मागे सरत काठी उगारली. कुत्रा म्हातारा, मागचा पाय आधीच अधू; तो फटका बसला असता तर पुन्हा उभा राहिला नसता. 'साहेब, साहेब' करत मी अनवाणीच धावलो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला, "अहो, थांबा!"

आम्ही तिघेही थांबलो. मी थांबणारच, संसाराची सवय आहे. कुत्र्याचं म्हणाल, तर त्याच्या नावावर आमचं कधी एकमत झालं नाही, आणि दिवसभर घरात 'अहो' ऐकून ते आपलंच नाव असं त्याने धरून ठेवलंय. तिने मला जेवायला हाक मारली की तो माझ्याआधी हजर. हवालदारांची काठी मात्र का थांबली ते कळेना. ती थोडा वेळ तशीच वर राहिली, मग सावकाश खाली आली.

बायको बाहेर येऊन "बसा" म्हणाली. कुत्रा बसला. हवालदारही पायरीवर टेकले. मला हसू आवरेना. कुत्र्याला जवळ घेऊन मी तिथेच फरशीवर बसलो. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

चहा झाला, चित्रण पाहून झालं. त्यात चोर नव्हता. फाटक उघडं टाकून जाणारा मी तेवढा स्वच्छ दिसत होतो.

निघताना हवालदारांनी सांगितलं, मागे एका तपासात कुत्र्याने त्यांच्या मांडीचा लचका तोडला होता. तेव्हापासून भुंकणं ऐकलं की हात आपोआप वर जातो. मग आज कसा थांबला, मी विचारलं.

"काठी उचलली की लोक आम्हाला 'ए' म्हणून ओरडतात," ते म्हणाले. "काकू 'अहो' म्हणाल्या. त्यानंतर मारायचं कसं?"