बाहेरची कडी

मी माणसांची टमरेलं लाथेने उडवली आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भली बाई समजायला नको.

नगरच्या पूर्वेकडचं एक कोरडवाहू गाव. आम्ही सहा स्वयंसेवक शाळेच्या एका खोलीत मुक्कामाला होतो. दिवसा शाळेतल्या मुलींसाठी संडास बांधायचा, पाण्याची टाकी घासायची, भिंती रंगवायच्या. आणि पहाटे ‘गुड मॉर्निंग पथक’. नाव किती गोड! काम काय, तर उघड्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च मारायचा, शिट्टी फुंकायची आणि तो धोतर सावरत पळाला की मागून हुर्यो करायची. शिट्टी माझ्या गळ्यात असायची. माझा आवाज मोठा, राग त्याहून मोठा, म्हणून ती आपसूक माझ्याकडे आली होती.

एका म्हाताऱ्याने मला दगड मारला. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, तरी मी त्याच्यामागे धावले, त्याचं टमरेल हिसकावलं आणि पायाखाली चेपून चपटं केलं. सोबतच्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. भुवईचे टाके मी गावभर मिरवले.

बायकांची जागा ओढ्यापलीकडे, वेड्या बाभळींच्या आड होती. पहाटे तिकडे पुरुष फिरकत नसत. कुणी दवंडी दिली नव्हती, पण गाव ते पाळायचं. तेव्हा बायकांवर बाईनेच जावं, हे आमचं शहाणपण. त्या दिवशी नुकतं झुंजूमुंजू झालं होतं. पाच-सहा जणी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. मधल्या तरुण बाईचा पदर खाली होता आणि एक थोराड बाई तिच्या पाठीला काहीतरी लावत होती. मला वाटलं, काय गप्पा झोडत बसल्यात घाणीत! मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. सगळ्या उठल्या, पण त्या तरुणीला पटकन उठता येईना. “ऊठ की गं, पाय मोडले का?” असं ओरडून मी तिचं टमरेल उडवलं. “उठते बाई, उठते,” ती म्हणाली. तिची पाठ मला दिसली असणार. मी पाहिली नाही.

ती थोराड बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “येवढा योकच टाइम आमचा हाय, बाई. त्यो बी घ्या.”

“घरात बांधा, मग बसा हव्या तेवढ्या निवांत,” मी म्हणाले. काय पण उत्तर!

दुसऱ्याच दिवशी त्या तरुणीचा नवरा शाळेत हजर. हसरा, नम्र माणूस. “ताई, पयला माझ्याकडं बांधा. बायकू भाईर जाती, मला लाज वाटती.” आम्ही हरखून गेलो. इतर घरी दहा-दहा हेलपाटे घालावे लागत होते, आणि हा स्वतःहून आलेला. खड्डा त्यानेच खणला, विटा त्यानेच वाहिल्या, आम्हाला दोन वेळा चहा पाजला. असा माणूस गावात एक मिळाला तरी आपलं काम झालं, असं मी बाकीच्यांना म्हणाले. बायको चहाचे कप ठेवून आत जायची. मला वाटायचं, लाजाळू आहे.

माझे वडील सुतार. पटाशी, गिरमिट हातात घेऊनच मी वाढले, त्यामुळे दारं बसवायचं काम माझं. पत्र्याचं दार चौकटीत बसवत होते तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. “ताई, कडी भाईरून बी लावा. शेळ्या शिरत्यात, कुत्री घान करत्यात.”

मला पटलं. मी आरपार भोकं पाडून नट-बोल्टनं कडी बसवली. शिवाय आतून बोल्टची टोकं हातोडीनं ठोकून चपटी केली, म्हणजे नट पुन्हा कधी फिरायला नको. वडिलांनी शिकवलेलं काम. त्यानं कडी हलवून पाहिली. “लई मजबूत झाली,” म्हणाला. मी खूष झाले.

ग्रामसभेत त्याला शाल-श्रीफळ दिलं. त्याला बोलायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आता माझी बायकू उंबऱ्याभाईर पाऊल टाकत न्हाई.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, चांगल्या जोरात.

त्याचं बघून बाकीच्यांनी बांधले. ओढ्यापलीकडची जागा ओस पडली. वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ असा फलक लागला, त्यावरची अक्षरं मीच रंगवली.

दोनेक महिन्यांनी, भर दुपारी मी शाळेच्या भिंतीवर बाराखडी रंगवत होते. ती थोराड बाई तरातरा चालत आली आणि काही न बोलता तिनं माझ्या थोबाडीत मारली. माझ्या हातातला ब्रश उडाला. मी हात उगारला, तर तिनं माझं मनगटच धरलं. तिची पकड कोयता चालवलेल्या हाताची होती.

“तुज्या शिट्टीनं वाटोळं केलं गं तिचं! रोज पहाटं ती आमाला पाट दावायची. आमी तेल-हळद लावायचो, पदरात भाकर न्यायचो. येक दिस ती आली न्हाई की आमच्यातली कुनीतरी इरजन मागायला तिच्या घरी जायची. मानूस दारात आलं की त्यो हात आवरायचा. चार वरसं आमी तिला अशी जित्ती ठिवली. आता ती कवा आली न्हाई, ते आमाला कळनार कसं?”

तिनं माझं मनगट सोडलं नाही.

“इचारलं की म्हनतोय, घरात समदं हाय, भाईर कशापायी यील? तीन दिस झालं दिसली न्हाई. आज त्या संडासातनं टकटक आली.”

ती कडी मला डोळ्यांपुढे लख्ख दिसली. मी बांधकामाची पहार उचलली आणि पळत सुटले. ती बाई वाटेत एकेका दारापुढे ओरडत मागून येत होती.

तो बाजेवर बसला होता. मला पाहून हसला. “या ताई. ती माहेरी गेलीया.” मी परसात गेले. माझ्या कडीला भलंमोठं कुलूप होतं. थोराड बाईनं हाक मारली, तर आतून पत्र्यावर दोनदा टकटक झाली.

मी पहार उचलली तसं त्यानं मागून माझे केस धरले आणि मला भिंतीवर आपटलं. भुवई पुन्हा त्याच जागी फुटली. “माझी बायकू हाय, माझं दार हाय!” तो ओरडत होता. तेवढ्यात बाकीच्या बायका पोचल्या. एकीच्या हातात कपडे धुवायचं धोपटणं होतं, एकीनं चुलीतलं लाकूड आणलं होतं. त्यांनी त्याला खाली पाडला आणि बडवला. तो आई-आई करत होता. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही. उलट मलाही दोन घालता आले नाहीत याची चुटपुट आहे.

मी कडीवर पहार घालत होते. कुलूप तुटेना, बोल्ट हलेना. माझेच बोल्ट! घाव घालता घालता मी स्वतःलाच शिव्या देत होते, वडिलांनासुद्धा. इतकं चांगलं काम का शिकवलंत म्हणून. शेवटी बिजागरीकडून पत्रा फाटला. कडी होती तशीच राहिली.

आत ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. एक हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. ओठ फुटलेले, एक डोळा मिटलेला. शेजारची बादली कोरडी होती; धुवायचं पाणी ती तीन दिवस प्यायली होती. उजेड तोंडावर आला तशी तिनं चांगला हात डोक्यावर धरला. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं आणि भिंतीला धरून उठायची धडपड करायला लागली.

“उठते बाई,” ती म्हणाली, “उठते.”

मी तिथेच बसकण मारली आणि मोठ्यानं रडले. थोराड बाईनं मला बाजूला ढकललं आणि तिला कडेवर घ्यावं तसं उचललं. टेम्पोत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर हाताला लागली नसती.

ती जगली. हात वाकडाच जुळला. आता पारनेर तालुक्यात भावाकडे असते. मी गेले होते. भावानं संडास बांधलाय, पण तिनं त्याला दार लावू दिलं नाही. जुन्या लुगड्याचा पडदा आहे. तिनं मला चहा दिला.

पंचनाम्याच्या वेळी तो नवरा भिंतीला टेकून उभा होता. जमादारानं कडीवर बोट ठेवून विचारलं, “ही बाहेरून कोणी बसवली?” तो लगेच म्हणाला, “ताईंनी.” मी म्हणाले, “हो, मी बसवली. बोल्टची टोकंसुद्धा मीच ठोकली. लिहा.”

जमादारानं पेन थांबवलं. “जाऊ द्या हो ताई. तुम्ही गावाच्या भल्यासाठी आलेली माणसं, तुमचं नाव कशाला यात?” आणि त्यानं पुढची ओळ लिहिली.

त्या कागदावर ते नाही, म्हणून इथे लिहिलं.