नीराबाईंचा धुण्याचा दगड

रेवदंड्याच्या कोटातल्या त्या आळीत कुणी गजर लावत नसे. सकाळी सहाला नीराबाईंच्या परसातून धप्प-धप्प सुरू झालं की आळी उठायची. मे महिन्यात घर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी भरलेलं. त्यांच्या चादरी नीराबाई अशा काही आपटायच्या, की शेजारी म्हणत, मार चादरीला, राग सुनेवरचा. हे नीराबाईंच्या कानावर होतंच. मग त्या आणखी जोरात आपटायच्या.

सून रचना पाहुण्यांना खोल्या भाड्याने देते. यंदा तिने विहिरीजवळचं गटार नव्याने बांधायला काढलं, तेव्हा गवंड्याने धुण्याचा दगड उलटा केला. खालच्या अंगाला क्रूस आणि कोरीव अक्षरं. रचनाचे डोळे लकाकले. दगड फाटकापाशी उभा करायचा, वर दिवा लावायचा, पाहुणे फोटो काढतील. उभ्या उभ्या तिचं ठरूनही गेलं.

पणजीहून आलेल्या एका वयस्कर पाहुण्यांना पोर्तुगीज येत होतं. त्यांनी चष्मा पुसून अक्षरं वाचली आणि हळूच सांगितलं, की हा थडग्यावरचा दगड आहे. इझाबेल नावाच्या मुलीचा. वय पाच.

माडांतल्या पडक्या चर्चमधून हा दगड आपण एकट्याने आणला, ही सासऱ्यांची फुशारकी नीराबाईंनी शंभरदा ऐकली होती. कोपरा कुठला, तेही ठाऊक होतं. दगड तिथे कशासाठी होता, एवढंच कधी विचारलं नव्हतं.

"चाळीस वर्सं पोरीच्या उरावर धुणं आपटलं मी," त्या म्हणाल्या.

रचनाने समजावलं, की त्याला शतकं लोटली; फाटकापाशी तो मानानेच राहील.

"तुझी भाविका पाच वर्सांची हाय," नीराबाई म्हणाल्या. "तिचं नाव टांगशील फाटकाला?"

दुपारी रचनानेच टेम्पो बोलावला.

दगड पुन्हा त्याच कोपऱ्यात गेला, अक्षरं वर करून, कुणाचा पाय पडणार नाही असा. नीराबाई तिथे बराच वेळ पुटपुटत बसल्या. काय बोलत होता, असं रचनाने विचारलं, तर म्हणाल्या, भाविकाच्या खोड्या सांगत होते.

आता नव्या सिमेंटच्या ओट्यावर त्या धुणं धुतात. चादर घेऊन हात सवयीने वर जातो, तिथे थबकतो, आणि मग त्या ती नुसती हातांनी चोळतात. आळीत हल्ली घरोघरी मोबाइलचे गजर वाजतात, आणि तरी निम्मी आळी झोपलेलीच असते.